राहेलबाईंची माफी

राहेलबाईंच्या हाती शिवण दिली की त्या आधी ती उलटी करत. वरून टाका कितीही सुबक असो, आतली बाजू पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. मी नवी शिक्षिका, त्यांच्याच खोलीत राहायचे. त्यांचं वय बेचाळीस, पंधरा वर्षांचं वैधव्य, आणि जीभ कात्रीसारखी. एरवी बोलणं शुद्ध, पण मन उसळलं की माहेरची शेवगावकडची बोली बाहेर येई.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. शाळेच्या मुख्य मिशनरी मॅडमनी एका परदेशी पुस्तकातली गोष्ट सांगितली. एक प्रौढ विधवा अनोळखी माणसासाठी एका दिवसात सगळं सोडायला निघते. आम्ही तरुण शिक्षिका हळहळलो. राहेलबाईंनी दाताने दोरा तोडला.

"एका दिसात लोणचं मुरत न्हाई, आन् हिचं प्रेम मुरलं व्हय?"

त्याच गोष्टीवरचा बोलपट पुढे कॅम्पातल्या थिएटरात लागला, तेव्हा आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या समाजातल्या, बायका डोळे पुसत बाहेर आल्या. त्या रुमालांचा मला अजून संताप येतो.

कारण बोलपटाच्या कितीतरी आधी, ती गोष्ट ऐकली त्याच वर्षीच्या नाताळात आमच्याकडे काय घडलं ते मी पाहिलं होतं. चर्चमधली पेटी दुरुस्त करायला पुण्याहून एक कारागीर आला. भाता हलवायला राहेलबाईंना बसवलं. संध्याकाळी त्या चक्क गुणगुणत खोलीवर आल्या. म्हणाल्या, तो एकेक सूर वाजवून मला विचारत होता, हा बरा लागला का. मला काय बरं वाटतं हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या त्याच्याबरोबर निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकट्याच परतल्या. दौंडला गाडी बदलायची होती. तो चहा आणायला म्हणून गेला तो आलाच नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्या रडल्या. मी म्हणाले, "बाई, तुम्ही काही वाईट केलं नाहीत." मला खरंच तसं वाटत होतं.

आमच्या मंडळीत रीत अशी की चुकलेल्याने प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी उभं राहून चूक कबूल करायची, आणि लोकांनी हात वर करून त्याला परत घ्यायचं. चर्चच्या पाळकसाहेबांनी राहेलबाईंना समजावलं, 'मी चुकले, क्षमा करा' एवढंच म्हणा, नोकरी राहील. त्या उभ्या राहिल्या.

"मी गेले त्यात चुकले न्हाई. मानूस वळखन्यात चुकले. त्येवढ्याचीच माफी मागते."

पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळी यांना स्वीकारते का? चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या शांतवनबाबांनी तेवढा हात वर केला. माझे दोन्ही हात पदराखाली घट्ट होते. माझी नोकरी कच्ची होती हे खरं, पण हे कारण आज लिहितानाही लाज वाटते.

राहेलबाई राजूरला चुलतभावाकडे गेल्या आणि दोन वर्षांत तिथेच वारल्या. शिवणकामाचा वर्ग मला मिळाला. नगरहून निघताना कपाटाच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं.

"माझं चुकलं असं तुला वाटलं असतं, तर मला राग आला नसता. तुला तसं वाटत नव्हतं."