रडायचा प्रसंग

माणिकपूरच्या एका हॉलमध्ये मालिकेची ऑडिशन होती. मी सुनेच्या भूमिकेसाठी गेले होते. शेजारी वटारहून आलेल्या साठीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना परदेशी गेलेल्या मुलाशी फोनवर बोलणारी आई करायची होती.

त्यांचा नंबर लागला. हाताचाच फोन कानाला लावून त्या हसत म्हणाल्या, "जेवलास का रे? मी मजेत आहे हां."

"मावशी, इथे रडायचंय," दिग्दर्शक म्हणाला.

"फोनवर नाय रडत कधी. मग पोरगा फोन करायचा टाळतो."

त्यांना घेतलं नाही. पिशवी उचलताना त्यांनी मला हळूच विचारलं, "ही मालिका कॅनडात दिसते का गं?"

"दिसते की."

त्यांनी पिशवी परत खाली ठेवली. "मग रडायला पायजे होतं मी."