कुठं निघालीस गं?

आमच्या घरापासून मुलींच्या शाळेपर्यंत जायला एक बत्तासा तोंडात विरघळेल एवढाच वेळ लागायचा. मी हे मोजून पाहिलं होतं. नांदेडच्या जुन्या गावात, गाडीपुऱ्यात आमचं घर. देऊळ, मशीद, हकीम, किराणा, शिंपी, सगळं पायाखालचं. टांगा लागायचा तो स्टेशनला जायला, आणि आमच्या घरातलं कुणी स्टेशनला फारसं जायचंच नाही.

शाळा जवळ होती म्हणूनच मी शिकले, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगते. निजामाचं राज्य होतं तेव्हा. शाळा सरकारी, शिकवणं उर्दूतून, बाईंना उस्तानी म्हणायचं आणि इयत्तेला जमात. घरात थोरल्या काकांचा शब्द शेवटचा. मुलीच्या जातीला चार जमाती पुष्कळ झाल्या असं त्यांचं मत, आणि औशाचं एक स्थळ त्यांनी हेरूनही ठेवलेलं. वडील तहसील कचेरीत कारकून. मोठ्या भावापुढं कधी मान वर केली नाही त्यांनी, पण या एका गोष्टीत अडून बसले. शाळा हाकेच्या अंतरावर आहे, वाटेत सगळी आपली माणसं आहेत, टांगा नको की सोबतीला गडी नको, मग पोरीला घरात कोंडायचं कशाला, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी काकांनी होकार दिला, पण अट घालून. रस्त्यानं जायचं, रस्त्यानं यायचं. पोरगी भलत्या जागी दिसली असं एकदा जरी कानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद आणि औशाला होकार. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

आता ती आपली माणसं कशी होती ते ऐका. माझा राग तेव्हाही नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि या लोकांनी त्याला रोज फोडणी घालायची. शिंपीकाम करणारे दर्जीचाचा मशीन थांबवून सबक पाठ झाला का विचारायचे. पिठाच्या गिरणीवरच्या बाया जेवलीस का विचारायच्या. सगळ्यांत कहर बांगड्यांच्या दुकानातली कासारीण मावशी. हातात पाटी, काखेत दप्तर, अंगावर धुतलेला परकर-पोलका, आणि ही बाई दाराशी बसून रोज विचारणार, "कुठं निघालीस गं?"

लग्नाला, असं सांगावंसं वाटायचं. मी तोंडातल्या तोंडात "शाळेत" म्हणायचे. तेवढ्यानं तिचं भागायचं नाही. कान जड असल्यासारखी ती पुन्हा विचारायची, "कुठं?" मग मी ओरडून सांगायचे, आणि ती जा, जा म्हणून हात हलवायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सुटी जुम्याची, म्हणजे शुक्रवारची असायची, म्हणून गुरुवारी शाळा दुपारीच सुटायची. अशाच एका गुरुवारी माझी दौत परकरावर सांडली. पांढऱ्या परकरावर हातभर काळा डाग. तो घेऊन गल्लीतून गेले असते तर प्रत्येक उंबऱ्यावर चौकशी झाली असती. नकोच ते, म्हटलं. मागच्या बोळातून सरळ गोदावरीचा घाट गाठायचा, डाग धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि कुणाला पत्ता लागू न देता घरी जायचं. केवढी हुशार होते मी!

पाणी दोन पायऱ्या वर चढलेलं होतं आणि पायऱ्यांवर शेवाळ. मी वाकले आणि दप्तरासकट आत गेले. नाकातोंडात पाणी गेलं, पायाखाली काही लागेना. पलीकडं धुणं धुणाऱ्या परटिणीनं माझी वेणी धरून मला बाहेर ओढलं. आधी एक धपाटा घातला, मग पाठीवरून हात फिरवला. रडू मला त्या हातानं आलं.

रडता रडता ध्यानात आलं, की आता मेले. नखशिखांत भिजलेली, नदीवर एकटी गेलेली, आणि घरी जायला रस्ता एकच, भर गल्लीतून. काका दुपारची झोप काढून ओट्यावर येऊन बसायची वेळ झालेली. मला पाण्याची भीती राहिली नव्हती, मला औसा दिसत होतं. परटिणीला मी ते सगळं हुंदके देत सांगितलं. तिनं धुणं तिथंच टाकलं, मला हाताला धरून वर आणलं आणि सगळं सांगून कासारीण मावशीच्या स्वाधीन केलं.

त्या दिवशी मावशीनं काहीच विचारलं नाही. दुकानाचं दार लोटलं, माझं डोकं खसाखसा पुसलं, तेल लावून वेणी घातली. मग ट्रंक उघडली आणि तळातून एक परकर-पोलका काढला. हिरवा परकर, तांबडा काठ, घडीच्या जागी कापड थोडं पिवळं पडलेलं. मला तो नेमका बसला. माझं ओलं दप्तर तोवर दर्जीचाचांकडं पोचलं होतं. कोळशाच्या इस्त्रीनं ते माझ्या जुगराफियाच्या, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाचं पानन्‌पान वाळवत बसले होते. ते होईपर्यंत मी त्यांच्या दुकानात बसून राहिले. एक पान करपलं, तेवढं सोडलं तर पुस्तक वाचलं. चाचांनी मला पुढं घातलं, काकांची शिवून झालेली बंडी हातात घेतली आणि चार पावलं मागून चालत आले.

काका ओट्यावर होतेच. शाळा कधीच सुटली, इतका वेळ कुठं होतीस, असं त्यांनी विचारलं. मी मागं चाचांकडं पाहिलं.

"साब, बच्ची मेरी दुकान पे थी," चाचा मागून म्हणाले. "किताब भीग गई थी, मैं इस्त्री करके दिया."

पाच वेळा नमाज पढणारा माणूस, खोटं बोलायचा नाही हे काकांना ठाऊक. आणि चाचा खोटं बोललेही नव्हते. पुस्तकाला कधी कुणी इस्त्री करतं का, असं पुटपुटत काकांनी बंडी हातात घेतली आणि शिवण ताणून बघू लागले. परकर त्यांच्या ध्यानात आलाच नाही, त्यांना सगळे परकर सारखेच. माझा जीव भांड्यात पडला.

आईच्या मात्र पहिल्या नजरेत आला. तिनं तांबड्या काठावरून बोट फिरवलं, माझ्या तेल लावलेल्या वेणीकडं पाहिलं आणि चुलीकडं वळली. दुसऱ्या दिवशी तिनं तो परकर-पोलका धुवून वाळवला, घडीवर शेंगदाण्याचे चार लाडू ठेवले आणि मला म्हणाली, नेऊन दे.

मावशीनं लाडू ठेवून घेतले आणि कपडे माझ्या हातात परत दिले.

"लेकीचे आहेत," ती म्हणाली. "अकरा वर्साची असताना जळकोटला दिली. आता दोन लेकराची माय झाली ती, तिला व्हायचे न्हाईत. तू घाल. शाळेला जाताना घाल."

मी ती घडी काखेत मारली आणि घरी आले.

पुढं औशाचं स्थळ दुसरीकडं जुळलं आणि मी शिकत राहिले, पुढं मुलींना शिकवलंही. लोक म्हणतात, जुन्या गल्ल्यांत श्वास कोंडतो, जो तो दुसऱ्याच्या घरात डोकावतो. खरं आहे, डोकावायचे. मी त्यांच्यावर चिडत राहिले आणि त्यांनी मला शिकवलं. त्या गल्लीचे उपकार माझ्या हयातीत फिटायचे नाहीत. मावशीच्या दारातून मी इतकी वर्षं रोज गेले होते आणि तिला मुलगी आहे हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. चौकशा तेवढ्या त्यांनीच करायच्या, असं धरून चालले होते.

शनिवारी सकाळी मी तोच हिरवा परकर घालून निघाले. मावशी दाराशी बसली होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुठं निघालीस गं?"

"शाळेत!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की चाचांचं मशीन थांबलं.

"कुठं?"

मी थांबले, तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं.