नऊ नंबरच्या बोअरची केबल

लॉर्ना शिर्मर आमच्या गुरांच्या रानावर बावीस वर्षं आहे. तिचा नवरा पवनचक्क्या दुरुस्त करायचा. तो गेला आणि रानातले झाडून सगळे पंप तिच्या गळ्यात पडले. शाळा नववीपर्यंत, पण कंप्युटरच्या पोटात हात घालणारी शंभर कोसांत ती एकटीच.

नऊ नंबरच्या बोअरवर तिनंच एक लहान कंप्युटर बसवलेला. त्याला यूएसबीच्या दोन वस्तू. एक सॅटेलाइटचा मोडेम, त्यावरून घरबसल्या त्या कंप्युटरशी बोलायचं. दुसरी एक स्वस्तातली केबल, ती पंपाला हुकूम सांगायची. दोन्ही एकाच हबात, म्हणजे बऱ्याच भोकांच्या डबीत, खुपसलेल्या.

त्या जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नाही, पारा सेहेचाळीसवर, आणि वर क्वीन्सलंडात पडलेला पाऊस महिनाभर चालत येऊन आमच्या नदीत उतरला. रस्ता बुडाला. पलीकडं सत्तर किलोमीटरवर नऊ नंबर, तिथं कुंपणात चारशे गायी, पुराच्या पाण्यापासून दिवसभराच्या चालीवर. नेमकी त्याच सकाळी केबल गप झाली आणि पंप बंद पडला.

आमचा मॅनेजर मर्व्ह हॅनिगन चहाचा टिनपाट तसाच ठेवून आला. "हेलिकॉप्टरवाला परवा सकाळी येतोय. टाकीत किती हाय?"

"उद्या दुपारपातुर," लॉर्ना म्हणाली.

"केबल मेली म्हणायची."

"मेली न्हाई, झोपलीय. कर्नल म्हंजे ह्या पेटीचा कारभारी. वीज वाचवायला रिकाम्या वस्तूला झोपवतो. आधी इचारतो, हाक मारल्यावर उठशील का? ही सटवी म्हणती, उठंन. आन उठत न्हाई."

"मग इतकी वर्सं बरी उठत हुती!"

"जुना कारभारी हिला झोपवतच नव्हता. परवा मी नवा बसवला."

 

असल्या खोटारड्या वस्तूंची कर्नलमध्ये एक यादीच असते. वस्तूचा नंबर, आणि पुढं तिच्याशी काय करायचं नाही ते. लॉर्नानं सत्तर किलोमीटरवरच्या त्या यादीत केबलचा नंबर टाकला: हिला झोपवू नका. काहीच हललं नाही. कारभारी यादी वाचतो ती वस्तू खुपसताना. कंप्युटर दोनदा बंद करून चालू केला, पण केबलच्या अंगातली वीज त्यानं जात नव्हती. तिला उपटून परत खुपसायला हवं होतं.

"आन तितं हात कुनाचा लावनार?" मर्व्ह म्हणाला.

"हितनं हबाची वीज तोडायची, मग परत द्यायची. उपटल्यावानीच हुतंय. पन मोडेम बी त्याच हबात हाय. त्यो न्हाई आला परत तर तितलं कायबी कळायचं न्हाई."

"दोन हब घ्यायला काय झालं हुतं गं, म्हातारे?"

"मागितला हुता. तूच बोंबललास."

तिथल्या कंप्युटरनं एकट्यानं करायच्या चार ओळी तिनं लिहिल्या: वीज तोड, दहा सेकंद थांब, वीज दे, पंप चालू कर. तसलीच केबल आणि मोडेम घरात होता, त्यावर सहा वेळा करून बघितलं. केबल सहाही वेळा उठली. मोडेम पाचदा आला.

"हेलिकॉप्टर येईपर्यंत थांबलो तर?" मी विचारलं.

"टाकी आटली की वासरांस्नी मरायला एक दुपार फुरं."

दुपारी दोन वाजता तिनं बटण दाबलं.

पडदा गप. दहा सेकंद गेले, मिनिट गेलं, तास गेला. ती दर मिनिटाला हाक टाकत होती, उत्तर नाही. खारवलेलं मांस ताटात तसंच वाळलं.

"मोडेम बी मारलास," मर्व्ह म्हणाला.

"व्हय."

दुसरा दिवस तसाच गेला. ऊन जरा उतरलं की ती कुंपणापाशी जाऊन पलीकडं बघायची. सत्तर किलोमीटरवरचं काय दिसणार, डोंबल.

तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून खाली आधी चिखल दिसला. पंप चालू झाला होता, आणि मोडेमशिवाय त्याला थांब म्हणणारं कोणी नव्हतं. डिझेल संपेपर्यंत तो ओतत राहिलेला. हौद ओसंडून भोवती तांबडी दलदल झालेली, गायी तिच्यात घुसलेल्या. सतरा रुतून मेल्या होत्या. दोन मानेपर्यंत आत, अजून जिवंत. बाकीच्या कडेला उभ्या, ओल्या तोंडाच्या.

लॉर्नानं आधी मोडेम उपटून परत खुपसला. मग मर्व्हकडं हात केला. त्यानं बंदूक दिली. दोन गोळ्या लागल्या.

त्या आठवड्यात तिनं केबलचा नंबर कर्नल लिहिणाऱ्यांना त्यांच्या यादीसाठी पाठवला, म्हणजे दुसऱ्या कुणाची केबल झोपायला नको. फिनलंडातल्या कुणाचं तरी उत्तर आलं: ओळ बरोबर आहे, पण यादी नंबरांच्या क्रमानं असते, तुमची ओळ दोन घरं वर घ्या. तिनं वर घेतली, खाली नाव घालून परत पाठवली.

मर्व्ह मागं उभा होता. "गायींचं लिवलंस का?"

"न्हाई. झोपली की उठत न्हाई, एवढंच लिवलंय."