रिनाच्या हातची गोळी

मोहाचं फूल रात्र सरता सरता गळतं. वारा नसला तरी गळतं. बोरटोल्याच्या बाया म्हणूनच उजाडायच्या आत जंगलात शिरतात. उशीर झाला की रानडुकरं आणि गावची जनावरं आपापला वाटा खाऊन मोकळी होतात, आणि उरलेलं फूल त्यांच्या खुरांखाली तुडवलं जाऊन त्याचा चिखल होतो.

वाघाचं भय वाढल्यापासून एकटीनं कोणी जात नाही. गावाच्या वरच्या टोकाची दिव्यानी आधी निघते आणि दारादारात हाक मारत येते. आतून ‘ओ’ आली की पुढचं दार. ओ आल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, असा गावातल्या बायांनी आपसात बांधून घेतलेला नियम आहे. कोणी आजारी असली, कोणी माहेरी गेली असली, तर घरच्यांनी आदल्या सांजेला तसं सांगून ठेवायचं. मग त्या दाराला हाक नाही.

दुसरा नियम झाडांचा. बोरटोल्याच्या शिवारातल्या प्रत्येक मोहाला एक घर आहे. त्याचा कागद कुठं नाही, पण गावाला सगळी झाडं पाठ आहेत. हंगामभर जिनं वेचलं तिचं झाड. पुढच्या फाल्गुनात त्या झाडाखालचा पाला झाडून जाळायचा मानही तिचाच. एक हंगाम हात काढला की झाड दुसरीचं होतं, आणि त्यावर गाव वाद ऐकत नाही.

कांताबाई उंदिरवाडेचं झाड नाल्याच्या काठावर होतं. दोघांच्या कवेत मावणार नाही असं खोड. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं हातात खराटा देऊन तिला ते दाखवलं होतं, आणि तेव्हापासून एकही हंगाम तिनं चुकवला नव्हता. पोटी लेकरू झालं नाही. नवरा संघपाल गेल्यावर धानाची बांधी दिराच्या, अश्वजितच्या, नांगराखाली गेली. तिथून तांदूळ यायचा, पण तो देणाऱ्याच्या मनानं यायचा. मोह मात्र तिचा स्वतःचा. त्याच्याच जोरावर एका छपराखाली राहूनही कांताबाईची चूल वेगळी पेटत होती, आणि ती वेगळी आहे याचा तिला अभिमान होता.

संघपाल अंथरुणाला खिळला तेव्हापासून तिची झोप मोडली. तो खोकला की ती उठायची, त्याला बसतं करायची, पाणी द्यायची, पाठ चोळायची. मग तो गेला. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे परतले, घर रिकामं झालं, तरी ती उठतच राहिली. खोकला नाही, कोणी नाही, आणि ती अंधारात बसून कान लावून आहे. दिवसा डोळ्यांपुढं वाळूसारखं काही सरकायचं. भाजीत मीठ पडलं की नाही ते आठवायचं नाही. एकदा नाल्यावर कपडे धुता धुता ती तशीच बसल्या बसल्या कलंडली आणि लुगडं वाहून गेलं.

तिला दवाखान्यात नेलं ते रिनानं. रिना म्हणजे अश्वजितची बायको, कांताबाईची धाकटी जाऊ. ती सून होऊन आली तेव्हा तिला चुलीवर धड भाकरही टाकता येत नव्हती. कांताबाईनं तिला ती शिकवली, तिची बाळंतपणं काढली, तिच्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवलं. मागच्या पावसाळ्यातल्या वादळात रिनाचं मोहाचं झाड मुळासकट आडवं झालं, तेव्हा तिच्याबरोबर कांताबाईही रडली होती.

तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस चंद्रपूरहून मनाचे डॉक्टर यायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ही गोळी मुळात मनाच्या उदासीची आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. थोड्या प्रमाणात घेतली तर झोप आणते, तिची चटक लागत नाही. मग वजन आणि रक्तदाब बघायला त्यांनी कांताबाईला शेजारच्या खोलीत पाठवलं. ती परत आली तेव्हा रिना गोळ्यांची पाकिटं पदरात बांधत होती.

“चला बाई, मले समदं सांगतलं त्याईनं,” रिना म्हणाली. “मी देत जाईन तुमाले. तुमी कायची फिकीर नका करू.”

त्या दिवसापासून रिना रोज रात्री जेवणखाण, भांडी, टीव्ही सगळं आटोपलं की गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन यायची. कांताबाई तोंड उघडायची आणि रिना गोळी तिच्या जिभेवर ठेवायची.

आणि झोप आली. बांधीचं तोंड मोकळं केल्यावर पाणी जसं सावकाश शिरतं आणि कोपरान् कोपरा भरून काढतं, तशी आली. पहिल्यांदा जाग आली तेव्हा अंगणात ऊन पडलं होतं. तोंडाला कोरड होती, डोकं भिजलेल्या पोत्यासारखं जड होतं, आणि तरीही कांताबाईला भरून आलं. इतक्या वर्षांत आपण कुणासाठी न उठता सकाळपर्यंत पोचलो, याचंच तिला नवल वाटलं.

पण मोह सुरू झाला होता. अंगणात रिनानं ताडपत्री अंथरून फुलं वाळत घातली होती. पिवळी, टपोरी, नाल्याकाठची. आपल्या झाडाचं फूल कांताबाईला डोळे मिटूनही ओळखू आलं असतं.

“तुमचंच वेचून आणलं,” रिना म्हणाली. “तुमी झोपल्या होत्या, मंग म्या म्हटलं झोपू द्या. घरातलंच हाय ना ते.”

कांताबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी तिला खरंच वाटलं की पोटच्या पोरीनं याहून जास्त काय केलं असतं.

रोज असंच होऊ लागलं. जाग यायची ती उन्हातच. पण एक गोष्ट तिला आत कुठंतरी टोचत होती. आपल्याला हाक ऐकू येत नाही हे समजण्यासारखं होतं. पण ओ आल्याशिवाय दिव्यानी पुढं जाते कशी? दार का वाजवत नाही? दारावर थापा पडल्या तर मेलेलंही उठेल. याचा एकच अर्थ तिला लागला. आपण मनाची गोळी खातो हे गावात पसरलं असेल, आणि बायांना आपण आता सोबत नको असू. ज्यांच्याबरोबर अख्खी जवानी जंगलात वाकून काढली, त्याच बायांनी असं करावं. तिनं कुणाला विचारलं नाही. मानी बाई होती. हापशीवरही ती पाण्याला भरदुपारी जाऊ लागली, कोणी नसताना.

तिथंच एक दिवस दिव्यानीनं तिला गाठलं.

“बाई, कसं वाटून राह्यलं आता?” तिनं घागर खाली ठेवत विचारलं. “डॉक्टरनं जंगल बंद केलं म्हणे तुमचं. आमाले लय वाईट वाटलं. तुमच्याबिना नाल्याकडं जाताना भेव वाटते.”

कांताबाईचा दांड्यावरचा हात थांबला. “कोण म्हणे?”

“रिना. हंगामभर हाक मारू नको म्हणे, हाकेनं बाईचा जीव घाबरते. काऊन, तसं नाई का?”

कांताबाईनं अर्धीच घागर उचलली आणि घरी आली. अंगणात रिना फुलं चाळत होती. तिच्याकडं न बघता ती आत गेली. विचारावं असं ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. एवढ्यावरून जावेला खोटं ठरवायला मन धजत नव्हतं. डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं असेल, आपल्याला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नसेल, असं तिनं स्वतःला पटवून पाहिलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर येणार त्या दिवशी ती कुणाला न सांगता सकाळच्या गाडीनं एकटीच तालुक्याला गेली. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं. झोप येते, पण सकाळ सगळी जड जाते आणि जंगल बंद झालं, असं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

“जंगल कुणी बंद केलं? अर्धीच गोळी घेता ना? दिवस मावळताना?”

तिनं रोजचं सगळं सांगितलं. पूर्ण गोळी. रात्री, टीव्ही बंद झाल्यावर.

“सोबतच्या बाईंनीच तर विचारलं होतं, पहाटे मोहाला जायचं असेल तर कसं,” डॉक्टर हळूच म्हणाले. “तेव्हाच मी सांगितलं, अर्धीपासून सुरू करा, मावळतीला जेवण करून घ्या, म्हणजे पहाटे जाग येईल. जंगलात सोबतीनं जरूर जा म्हणालो, त्यानं मन लागतं.” थोडं थांबून ते म्हणाले, “हे तुम्हालाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

कांताबाई बाहेर येऊन बाकावर बसली. परतीची गाडी समोरून निघून गेली तरी तिला कळलं नाही. रिना विसरली म्हणावं, तर तसंही नव्हतं. तिनं विचारलं होतं. नीट समजून घेतलं होतं, आणि मग त्याच्या उलट केलं होतं. रोज रात्री, हसून, पाण्याच्या गिलासासकट. तिच्यासमोर आपण लेकरासारखं तोंड उघडत होतो, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. आणि बायांबद्दल मनात धरलेला राग आता कुठं ठेवावा ते तिला सुचेना.

त्यानंतरच्या गाडीनं घरी आल्यावर तिनं रिनाच्या फळीवरची गोळ्यांची पाकिटं उचलली आणि आपल्या पेटीत ठेवली. अर्धी गोळी मोडून दिवस मावळताना घेतली. दिव्यानीच्या घरी जाऊन, उद्यापासून हाक मार, एवढंच सांगितलं. मग रिना दाराशी येण्याआधीच आतून कडी लावून ती झोपली. गोळी सोडायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. गोळीनं तिला फसवलं नव्हतं.

तांबडं फुटायच्या आत बाया नाल्याकडं पोचल्या तेव्हा रिना हाकेची वाट न बघता एकटीच येऊन आधीच झाडाखाली वाकलेली होती. वाटेवर कांताबाईला बघून तिच्या हातातली फुलं तशीच राहिली. बाकीच्या बाया आपापल्या झाडांकडं पांगल्या.

“बाई, तुमी काऊन आल्या? डॉक्टरनं...”

“मी काल डॉक्टरकडं जाऊन आली.”

रिना सरळ उभी राहिली. फूल गळायचं तेवढं गळत होतं.

“माहं झाड पडलं,” रिना शेवटी म्हणाली. “पोरीचं लगन करायचं हाय. तुमच्यामागं कोण हाय बाई? आज ना उद्या झाड आमचंच होणार होतं. अन् तुमाले झोप पायजे होती, तेबी भेटली. म्या काई इख नाई देलं तुमाले.”

“मागितलं असतं तर अर्धं झाड देलं असतं,” कांताबाई म्हणाली. “समदं मागितलं असतं तरी देलं असतं. तुले ठाऊक हाय.”

रिनाला ते ठाऊक होतं. तिनं टोपली पुढं केली, आज वेचलेलं तरी घ्या म्हणाली. कांताबाईनं ती घेतली नाही.

“तुवा वेचलं ते तुहं. आता इथून पुढं माह्या झाडाखाली येऊ नोको. अन् गोळीसाठी रातच्याला दाराशी येऊ नोको.”

रिना टोपली डोक्यावर घेऊन नाल्यापलीकडच्या, शिवाराबाहेरच्या झाडांकडं गेली. जाताना एकदा ती थांबली, पण वळली नाही. हंगाम सरत आला होता. झाडाखाली फार काही उरलं नव्हतं, पाल्यात इकडंतिकडं विखुरलेली फुलं होती. कांताबाई पदर खोचून वाकली. तिनं पाल्यातलं पहिलं फूल उचललं; हा हंगामही तिचा चुकला नव्हता.