हलू नका आत्या आणि तीन नाकं

आमच्या आत्याला सगळी गल्ली ‘हलू नका आत्या’ म्हणते. तीस वर्षं तिने पासपोर्ट फोटो काढले आणि दिवसातून पन्नास वेळा हे दोन शब्द उच्चारले. सवय इतकी, की दाराशी आलेल्या मांजरालाही ती आधी हलू नको म्हणते आणि मग हाकलते. जिन्याखालच्या तिच्या खोलीत एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि गिऱ्हाइकांसाठी एक कंगवा. कंगव्याचे निम्मे दात गिऱ्हाइकांबरोबरच गेले.

तिला एकच गोष्ट टोचायची. लोक तिला फोटोवाली म्हणत. फोटोग्राफर कुणी म्हणत नसे. माझे वडील तिचे थोरले भाऊ, पण त्यांच्या लेखी तिच्या कलेची हद्द ठरलेली होती : दोन्ही कान दिसले की फोटो पास.

अशात एका बुधवारी भट्टीमामांची बायको आली. भट्टीमामा म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीत पस्तीस वर्षं भट्टी सांभाळणारे गृहस्थ. त्यांच्या बायकोने पिशवीतून चार फोटो काढून टेबलावर मांडले. दोन फोटोंत भट्टीतली आग झकास आणि मामा म्हणजे नुसता कोळसा. उरलेल्या दोनांत मामा दिसत होते, पण आगीच्या जागी चुना फासल्यासारखा पांढरा ठिपका.

“ताई, पस्तीस वर्षं हे आणि ती आग समोरासमोर आहेत,” ती म्हणाली. “पण एकाही फोटोत दोघं एकत्र नाहीत. शनिवारी भट्टी पाडणार, विजेची येणार. तेवढा एक फोटो द्या मला.”

आत्या देते म्हणून बसली. शब्द गेला तो गेला.

उपाय तिला ऐकून माहीत होता. एचडीआर म्हणतात त्याला. एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे : एक गडद, आगीसाठी, एक उजळ, चेहऱ्यासाठी, एक मधला, बाकीच्या संसारासाठी. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकावर एक बसवायचे आणि प्रत्येकातलं चांगलं तेवढं ठेवायचं. तीन सुनांचे गुण घेऊन एक सून करण्यासारखं, असं आत्याने माझ्या आईला समजावलं. आई पोळी जरा जोरातच लाटू लागली. या फोटोची अट एकच : तिन्ही फोटो होईपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. आत्या म्हणाली, हे तर माझंच राज्य.

पण भट्टीपुढे तिचं राज्य चालेना. गुरुवारी सकाळी मामा लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवत होते, बाहेर ओढत होते, मधेच कपाळ पुसत होते. आत्याने हलू नका म्हटलं की ते अदबीने सांगत, “मी नाही हलत ताई, पण पाव जळतील.” तीन फोटो एकावर एक बसवले तेव्हा मामांना तीन नाकं निघाली. हात मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

दुपारी तिने त्यांना काम सोडून उभं केलं. मामा श्वास रोखून असे उभे राहिले, जणू आता शिक्षा सुनावणार. नाक एकच आलं, आगही आली. त्या आनंदात आत्याने कॉम्प्युटरवरची सगळी बटणं शेवटापर्यंत ढकलली. एकेक सुरकुती नांगरटीसारखी उठून आली आणि गाल पितळेचे झाले. मामांच्या बायकोने फोटो बराच वेळ पाहिला.

“छान आहे ताई,” ती हळूच म्हणाली. “पण हे कोण?”

त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. वडिलांनी पासपोर्ट फोटोच बरे, त्यात अब्रू तरी राहते, असा धीर दिला. त्यांचा धीर असाच असतो.

शुक्रवारी ती बेकरीत गेली, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. पावांचे दोन घाण निघेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. घरी हे कुणालाही खरं वाटलं नाही. आणि बसल्या बसल्या तिला दिसलं. दर घाणाला कडक सालीचे पाव बाहेर आले की मामा फळी टेकवून उभे राहत, मान जरा कलती करत आणि ऐकत. गरम साल गार होताना बारीक तडतडते. त्या आवाजावरून त्यांना कळायचं, पाव आतून झालाय की नाही. तेवढे चार-पाच क्षण मामांची पापणीसुद्धा लवत नसे. मागे भट्टीचं तोंड उघडं, लालबुंद.

तिसरा घाण निघाला. मामांनी मान कलती केली. आत्याच्या ओठांवर ते दोन शब्द आले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिने ते गिळले. बटण दाबलं. टक, टक, टक.

या वेळी कॉम्प्युटरवर तिने मीठ घालावं तसा हात राखून काम केलं. फोटोत ज्वाळा न् ज्वाळा वेगळी होती. विटांची काजळी होती. आणि आगीपुढे मामा होते : भुवईवर पीठ, मनगटावर जुन्या चटक्याचा डाग, पावाकडे लागलेला कान.

त्यांच्या बायकोने फोटो दोन्ही हातांत धरला.

“मी बोलते तेव्हा असं कान देऊन कधी ऐकलं नाही हो यांनी,” ती म्हणाली, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले. “पण हेच. हेच ते.”

मामा मागून डोकावून पाहत होते. “मला वाटायचं, मी तिथे नुसता उभा असतो,” ते म्हणाले.

शनिवारी भट्टी पाडली. सोमवारी मालकांनी तो फोटो दारापेक्षा मोठा करून गल्ल्यामागे लावला. पाव घ्यायला आलेली माणसं आपोआप मान कलती करून उभी राहू लागली. वडीलही गेले. बराच वेळ पाहत राहिले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्याने म्हणाले, “आमच्या धाकट्या बहिणीचा आहे हा फोटो. फोटोग्राफर आहे ती.”

आत्या मागेच उभी होती. गळ्यात कॅमेरा.

“दादा,” ती म्हणाली, “हलू नकोस.”

वडिलांचा तो फोटो आता आमच्या बैठकीत आहे. वडिलांची मान कलती आहे, त्यामुळे त्यात एकच कान दिसतो. त्यांनी तो पास केला.