रिकाम्या खाटेजवळ

रुग्णालयात मी समुपदेशक आहे. दुःखी माणसांशी बोलणं हेच माझं काम. काल दुपारी सफाईच्या मावशी एका रिकाम्या खाटेशेजारच्या खुर्चीवर नुसत्या बसलेल्या दिसल्या.

"मावशी, ती खुर्ची नातेवाइकांसाठी आहे," मी म्हणाले.

त्या गडबडीने उठल्या. "चुकलं मॅडम. ह्या आजी सकाळी गेल्या ना. महिनाभर मीच त्यांची वेणी घालत होते."

आजींच्या मुलाला मी सकाळी तासभर धीर दिला होता. मावशींची आठवणही मला झाली नव्हती. रडायलाही नात्याचा दाखला लागतो, असं मी कधीपासून धरून चालले होते? मला माझीच लाज वाटली.

"बसा ना," मी कशीबशी म्हणाले.

"नको, फरशी राहिलीय," म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि बादली उचलली. मी त्यांच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली. त्या मात्र उभ्याच राहिल्या.