तुपाच्या डब्यात गेलेला आवाज

सिग्नल पलटणीतून निवृत्त झालेले शहाजी जाधव दिल्लीत द्वारकेला लेकाच्या फ्लॅटवर राहायला आले, ते आपला बिनतारी संच बगलेत मारूनच. रोज सकाळी साताऱ्याकडच्या हणमंताशी त्यावर बोलायचं. दोघं एकाच गावचे, एकाच पलटणीतले.

आता हणमंत पोराकडे पुण्याला निघाला होता. तिथली सोसायटी गच्चीवर एरियल बांधू देत नव्हती. म्हणजे रविवारचं बोलणं शेवटचं. आणि नेमका हल्लीच शहाजींचा आवाज तिकडे फाटून पोचायला लागला होता.

"दोष शोधायचं मीटर विकत आणा की," त्यांची बायको सखुबाई म्हणाल्या.

"अगं, स्वतः बांधण्यातच तर मजा आहे!"

आता तपासणीसाठी आवाज हवेत सोडला तर बाकीच्यांना त्रास. तो आतल्या आत जिरवायची सोय लागते. शहाजींनी बायकोचा तुपाचा रिकामा डबा उचलला, लाजपतराय मार्केटातले रेझिस्टर त्यात जोडले, वर ट्रान्सफॉर्मरचं तेल ओतलं. संचाची सगळी ताकद त्यात उष्णता होऊन विरणार! जोडीला काट्याचं मीटरही बांधलं. शनिवारी दोष सापडला. एक कच्चं सोल्डरिंग, बस.

रविवारी शहाजी उजाडताच संचापुढे. सखुबाईंना हाक मारून म्हणाले, "काटा बघ, जागचा हलत नाही! आणि दिल्लीची ती खरखर? बिल्कुल गायब!"

हणमंताला पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. शांतता. शहाजींचा चेहरा उतरला.

"गेला वाटतं. थांबला नाही माझ्यासाठी."

सखुबाई पोहे घेऊन आल्या. बशीला जागा करायला डबा सरकवू गेल्या आणि हात झटकलाच.

"अहो, केवढा तापलाय हा! भजी तळताय का यात?"

शहाजी डब्याकडे बघतच राहिले. एरियलची तार काढून कालपासून संच डब्यालाच जोडलेला! इतक्या मायेनं मारलेल्या हाका तेलात विरत होत्या. काटा शहाण्यासारखा उभा होता, कारण बाहेरचं आत आणि आतलं बाहेर काही जातच नव्हतं.

त्यांनी घाईघाईनं एरियल लावली. काटा डगमगला, खरखर भसकन खोलीत शिरली आणि तिच्यातून हणमंत ओरडला, "शहाजी, लेका, आहेस का मेलास? ट्रकवाला खाली शिव्या घालतोय. म्हटलं, संच सोडून बाकी सगळं भर, मी हलत नाही."

"आवाज कसा येतोय माझा?"

"शेजारी बसल्यागत. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतोय."

शहाजींनी घसा साफ केला आणि समोरच्या पोह्यांत मिरची किती पडलीय, तिथून सुरुवात केली.